डावीकडचं दुखणं आणि उजवा कान

मी एकोणीस वर्षांचा होतो आणि अंगात नुसतं वारं भरलं होतं. रोह्याला जिल्ह्याच्या कुमार गटाची कबड्डीची निवड चाचणी अठरा दिवसांवर आली होती. पुढच्या वर्षी वय उलटणार, म्हणजे हीच एक संधी. आमच्या पेण-वडखळ पट्ट्यात जिल्ह्याकडून खेळलेल्या पोराला कंपनीत म्हणा, पोलिसात म्हणा, कुठेतरी दार उघडतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सकाळी जाग आली की आधी चढाई डोक्यात, मग चहा. आई म्हणायची, झोपेतही पाय मारतोस, तुझ्या बाजूला निजायची सोय नाय. खरं सांगतो, इतका खूश मी त्याआधी कधी नव्हतो.

आणि नेमकी तेव्हाच डावीकडची गोटी जड लागायला लागली.

सरळच लिहितो. आडपडदा ठेवला म्हणूनच पुढचा सगळा घोळ झाला. सराव संपला की डाव्या बाजूला ओढ लागायची. कळ नाही, ठणका नाही, खाली कोणी वजन बांधल्यासारखं. आडवा पडलो की कमी व्हायचं. आंघोळीला गेलो तेव्हा हात लावून बघितलं, तर वरच्या अंगाला मऊ गुंता लागला आणि ती बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली. मोबाइलवर शोधलं. पहिल्या दोनच ओळी वाचल्या. मोबाइल उशीखाली कोंबला आणि दोन दिवस त्यावर फक्त कबड्डीचे व्हिडिओ बघितले.

कबड्डीवाल्याला जगात एकच निदान येतं: मुका मार. मीही तेच धरून चाललो. कोणाचा तरी गुडघा बसला असणार, दुसरं काय! आंबेहळद उगाळून लावली, लंगोट दुप्पट आवळला. दुखणं दुप्पट झालं.

तेव्हा मी सकाळचा पेणला एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायला जायचो. तिथे एक म्हातारे रंगारी काका होते. त्यांना विचारलं, माझ्या एका मित्राला असं असं होतंय. काकांनी ब्रश खाली ठेवला नाही की माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, मित्राला सांग, डावीकडे हाय तर उजवा कान टोच. खालची पाळी नाय, वरच्या अंगाला. त्यांच्या बापाचा टोचलेला होता म्हणे, आज्याचाही होता. मला काय, बुडत्याला काडीचा आधार. त्याच दुपारी सोनाराकडे जाऊन कान टोचून घेतला आणि चांदीची बारीक बाळी अडकवली.

गावात काय भाव वधारला म्हणता! पोरं विचारायची, कोणासाठी रे हिरो? मी नुसता मिशीत हसायचो, मिशी नसताना. देवळाच्या ओट्यावरचे म्हातारे माझा कान बघायचे, मग एकमेकांकडे बघायचे. मला वाटलं, पोरगा जिल्ह्याला चाललाय त्याचं कौतुक. गाढव कुठला! त्यातल्या एकूणएक म्हाताऱ्याला ठाऊक होतं, वरच्या अंगाला एकच कान टोचतात तो कशासाठी. मी माझं गुपित कानाला लटकवून गावभर मिरवत होतो.

कान मात्र असा ठणकायला लागला की चार दिवस खालचं काही जाणवेना. मी मनात म्हटलं, गुण आला. आणि दणक्यात चढाया मारायला लागलो.

आम्हाला शिकवणारे दादा रोह्याला कंपनीत कामाला होते. पहिली शिफ्ट करून यायचे आणि चहाही न घेता मैदानात उतरायचे. चाळिशीचा माणूस, पण पकड अशी की विसाचं पोर सुटायचं नाही. चाचणीला आठवडा राहिला होता. ते म्हणाले, बाळी काढ, मॅटवर दागिना चालत नाय. मला ती काढता येईना, कान सुजलेला. ते स्वतः काढायला आले, कान वळवून बघितला आणि थांबले. बाकीच्या पोरांना त्यांनी खाडीच्या बांधापर्यंत पळत जाऊन यायला सांगितलं.

‘‘डावीकडे हाय?’’ त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, फॅशन हाय. दादांनी डोक्यावरची टोपी मागे सारली आणि स्वतःचा उजवा कान पुढे केला. वरच्या अंगाला बुजत आलेलं छिद्र होतं. त्यांच्या जवळ उभा राहून मी सहा वर्षं खेळलो होतो, पण ते कधी माझ्या नजरेला पडलं नव्हतं. माझ्याच वयाचे असताना त्यांनाही असंच जड लागायचं, चुलत्याने कान टोचवला आणि झालं, घरच्यांच्या लेखी दुखणं बरं झालं. ते दुखणं त्यांनी तसंच अंगावर काढलं.

‘‘लग्नाला बारा वर्षं झाली,’’ दादा म्हणाले. ‘‘बारा वर्षं तुझी वहिनी दवाखाने फिरते. पेण, अलिबाग, पनवेल. उपास केले, नवस केले, लोकांचं ऐकून घेतलं. मला कोणी विचारलं नाय आन् मी सांगितलं नाय.’’

पुढे त्यांनी एकच सांगितलं: डॉक्टरची चिठ्ठी आण, नायतर रोह्याच्या गाडीत तुला जागा नाय.

माझं डोकं सटकलं. मी आधीच तापट, त्यात चाचणी तोंडावर. तुमच्या घरातलं माझ्या गळ्यात कशाला घालता, असं काहीबाही बोललो. मी तरातरा घरी निघून आलो आणि आल्या आल्या लाज वाटली, पण परत कोण जातो! दोन दिवस नुसता धुमसत होतो. इकडे आड, तिकडे विहीर. दाखवलं आणि डॉक्टर म्हणाले खेळू नकोस, तर संपलं. नाही दाखवलं तर दादा गाडीत घेत नाहीत, तरी संपलं. तिसऱ्या दिवशी कारखान्याला दांडी मारली आणि पेणच्या एका वयस्कर सर्जनकडे गेलो.

त्यांनी उभं राहायला लावलं, खोकायला लावलं, हाताने तपासलं. दोन मिनिटांचं काम! त्या दोन मिनिटांच्या भीतीने मी दोन आठवडे पाण्यात घातले होते. मग सोनोग्राफीला पाठवलं, आणि तिथे खरी मजा झाली. सगळ्या बाकांवर गरोदर बायका, भिंतीवर गर्भलिंगनिदान केलं जात नाही असा फलक आणि त्याच्याखाली मी. शेजारच्या मावशींनी मायेने विचारलं, बायको आत गेली का? मी म्हटलं, व्हय. कितवा महिना? मी म्हटलं, सातवा. तेवढ्यात माझ्याच नावाचा पुकारा झाला. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या, बाहेर आलो तरी हसतच होत्या. मलाही हसू आलं, दोन आठवड्यांत पहिल्यांदा मोकळं हसलो.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, गोटीला काही झालेलं नाही, वरच्या शिरा फुगल्यात, पायाच्या फुगतात तशा. तुझ्या वयात बऱ्याच पोरांना होतं, डावीकडेच जास्त. लंगोट आवळू नको, आधार देईल इतपत घाल. सहा महिन्यांनी दाखव, दुखणं वाढलं किंवा ती बाजू लहान व्हायला लागली तर छोटं ऑपरेशन करू. आणि महिन्यातून एकदा स्वतः हात लावून बघायचं. कडक गाठ लागली, मग ती दुखत नसली तरी, त्याच दिवशी यायचं. न दुखणाऱ्या गाठीलाच जास्त भ्यायचं असतं. अचानक जोराची कळ आली तर तासभरही थांबायचं नाही.

मी विचारलं, खेळू का? त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, खेळण्यास हरकत नाही. मी कान टोचल्याचं सांगितलं. म्हणाले, शोभतो तुला.

दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. म्हटलं, डॉक्टर, याने मुलं होत नाहीत का? ते म्हणाले, बहुतेकांना होतात. काहींना अडचण येते, त्यातल्या पुष्कळांवर उपाय चालतो. पुरुषाची तपासणी सगळ्यात सोपी असते, पण आपल्याकडे बाईला सगळीकडे फिरवून झालं की मग ती आठवते.

रविवारी सकाळी रोह्याच्या मॅटवर मी कसा खेळलो ते काय सांगू! बाळी काढलेली, कान मोकळा, खाली नीट आधार, डोक्यात भीतीचा कण नाही. तिसऱ्या चढाईला कोपऱ्यातल्या पोराने घोटा धरला, दुसरा पाठीवर आला, मी दोघांना ओढत मध्यरेषेवर हात टेकवला. आमची पोरं बेभान नाचली. बारा जणांची यादी वाचली त्यात आठवं नाव माझं. मी मैदानाला फेरी मारली, कोणाच्याही गळ्यात पडलो, पंचांच्या सुद्धा.

परत येताना टेम्पो कोलाडला थांबला. पोरं मिसळीवर तुटून पडली आणि मी भरल्या तोंडाने त्यांना सगळं सांगून टाकलं, गोटीपासून सातव्या महिन्यापर्यंत. हसून हसून पोरांना ठसका लागला. दादा बाहेर टेम्पोजवळ चहा घेत उभे होते. मी जाऊन त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली. त्यांनी चिठ्ठी मागितली, दोनदा वाचली. मग विचारलं, मुलांबद्दल काय म्हणाला डॉक्टर? मी शब्दन् शब्द सांगितला. दादांनी ग्लास रिकामा केला आणि विचारलं, गुरुवारी दवाखाना उघडा असतो का?

गुरुवारी वाट दाखवायला मी बरोबर गेलो. दादा आणि वहिनी बाकावर एकमेकांना खेटून बसले होते. नोंद करणाऱ्या बाईंनी सवयीने वहिनींकडे बघून कागद पुढे ओढला, नाव विचारलं, वय विचारलं. बारा वर्षं वहिनी हेच सांगत आल्या होत्या. त्यांनी पर्स मांडीवरून बाजूला ठेवली.

‘‘या खेपेला पेशंट मी नाय,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘यांचं लिहा.’’

दादा उठून उभे राहिले आणि त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, सगळ्या बाकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.