पिशवी नवव्या घरी यायची तेव्हा

आमच्याकडे दिवाळी फाल्गुनात यायची. फराळ, पणत्या, आकाशकंदील हे सगळं वेळेवर होऊन जायचं. दिवाळी अंक मात्र यायचे ते महाशिवरात्र उलटल्यावर, रेक्झिनच्या एका तपकिरी पिशवीतून, आठ घरांच्या चहाचे डाग अंगावर घेऊन.

दिल्लीतल्या आम्ही अकरा मराठी कुटुंबांनी मिळून ही पिशवी सुरू केली होती. बहुतेक सगळे केंद्र सरकारच्या नोकरीतले. मुंबई-पुण्याहून कुणी कामासाठी कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनात उतरणार असलं, की अंक आणायचं काम त्याच्या गळ्यात पडायचं. मग पिशवी घरोघर फिरायची. एका घरात बारा दिवस, की पुढच्या घरी नेऊन द्यायची. उशीर करणाऱ्याचं नाव वर्षभर निघायचं.

सरकारी क्वार्टरमध्ये होतो तोवर आमचा नंबर तिसरा होता. मग द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट मिळाला आणि आम्ही एकदम नवव्या नंबरवर घसरलो. कारण सरळ होतं, पिशवी मध्य दिल्लीतून बाहेर बाहेर सरकत यायची आणि आम्ही पार बाहेर राहायला गेलो होतो. मेट्रोचं तेव्हा नावही नव्हतं. सकाळी चार्टर्ड बस चुकली की ऑफिसला अर्धी रजा. पाणी टँकरने यायचं. स्वतःचं घर झालं म्हणून सगळे अभिनंदन करत होते आणि मी पिशवीच्या यादीकडे बघून धुसफुसत होते. राग माझ्या नाकावरच बसलेला असतो, हे आधीच सांगून टाकते.

पण नववा नंबर पथ्यावर पडला. तिसऱ्या नंबरला पिशवी ऐन थंडीत यायची, तेव्हा रजईतून हात बाहेर काढून पान उलटायचंसुद्धा जिवावर यायचं. आता ती यायची ते दिल्लीच्या हातावर मोजण्याइतक्या सुखाच्या दिवसांत. ऊन कोवळं, वारा हलका, रजया गच्चीवर पसरलेल्या. दुपारची जेवणं झाली की मी, माझा मुलगा, सतरंजी, संत्री आणि पिशवी असे सगळे गच्चीवर जायचो. नवऱ्याची बदली तेव्हा इंदूरला झाली होती, त्यामुळे घरात आम्ही दोघंच.

मी मोठ्याने वाचायची, तो ऐकायचा. त्याला मराठी वाचता यायचं, पण अडखळत. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, खाली खेळायला गेला की हिंदी. घरातलं मराठीसुद्धा हळूहळू झिजत चाललं होतं. ‘उंबरठा’ म्हटलं की तो विचारायचा, “म्हणजे?” मला एकच भीती होती. हा मुलगा मोठा होईल, चांगला होईल, पण माझ्या भाषेतली गोष्ट ऐकायला माझ्याजवळ बसणार नाही. वर्षाचे ते बारा दिवस माझ्यासाठी त्या भीतीवरचा उतारा होते.

आमचे नियम होते. पुढे डोकावायचं नाही, मीही नाही. गोष्ट शेवटाला आली की मी थांबायची आणि विचारायची, “सांग बघू, आता काय होईल?” त्याने अंदाज सांगितला की मगच पुढचं वाचायचं. आणि गोष्ट संपली की एक गाणं त्याच्या आवडीचं, एक माझ्या. त्यासाठी टेपरेकॉर्डर वर न्यायचो, चार मोठे सेल घालून. माझी नाट्यगीतं तो निमूट ऐकून घ्यायचा. एखादी तान लांबली की हळूच म्हणायचा, “आई, यांचा श्वास अडकला का?” मी त्याला संत्र्याचं साल फेकून मारायची.

दुसऱ्या वसंतात त्याने करोल बागेच्या फुटपाथवरून एक कॅसेट आणली. तोवर सगळंच नवं नवं येऊ लागलं होतं. केबल, थंड पेयं, आणि ही गिटारी आपटणारी गाणी. त्याने मोठ्या हौसेने ती लावली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. शेजारच्या दोघी रजया उलटायला आल्या होत्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझं झालं. मी त्यांच्याकडे बघत हिंदीत म्हणाले, “ये गाना है या टँकर पे झगडा हो रहा है?” त्या दोघी खो खो हसल्या. मीही हसले. तो लाल झाला आणि बटण दाबून त्याने कॅसेट बंद केली. त्यानंतर त्याने गच्चीवर एकही कॅसेट आणली नाही. गाण्याची पाळी आली की म्हणायचा, “तुझंच लाव.”

पुढच्या वर्षी माझ्या भावाने त्याला वाढदिवसाला वॉकमन पाठवला. डोक्यावर पट्टी, कानांवर काळे स्पंज. झोपताना, जेवताना, अभ्यासाला बसताना, सगळीकडे ते कानांवर. पिशवी आली तेव्हा मी मनाशी म्हटलं, गच्चीवर तरी काढेल. तो आला, माझ्या डावीकडे बसला, आणि कानांवरचं काढलंच नाही.

त्या वर्षी एका अंकात लांबलचक गोष्ट होती. कोकणातल्या लहानशा गावात बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा एक म्हातारा. त्याच्याकडे एक विधवा नवऱ्याची पेटी घेऊन येते. नवऱ्याने ती जन्मभर कुणाला उघडू दिलेली नसते आणि तिचा एक सूर कधीच वाजलेला नसतो. पहिल्या रविवारी मी अर्धी वाचली. उरलेली धुळवडीच्या दुपारी वाचायला घेतली. अंघोळी झाल्या होत्या, माझ्या नखांत गुलाबी रंग तसाच होता. म्हाताऱ्याने चारही स्क्रू काढले, झाकणाला हात घातला, आणि मी नियमाप्रमाणे थांबले.

“सांग बघू, पेटीत काय असेल?”

तो समोर पाण्याच्या टाकीकडे बघत राहिला.

“अरे, तुला विचारतेय.”

काही नाही. वॉकमनची चाकं फिरताना दिसत होती. माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. मी अंक मिटला. “पालथ्या घड्यावर पाणी,” म्हणाले. “तीन वर्षं मी भिंतीला गोष्टी सांगतेय.” त्याने वळून माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, पण मी तोवर सतरंजी झटकायला लागले होते.

त्याच संध्याकाळी मी पिशवी उचलली आणि पलीकडच्या सेक्टरमधल्या दहाव्या घरी नेऊन दिली. आमचे चार दिवस अजून बाकी होते. त्या घरच्या काकू म्हणाल्या, “अगं, इतक्या लवकर? वाचून झालं सगळं?” मी म्हटलं, “झालं.”

पुढल्या वर्षी त्याची दहावी आली, मग क्लासेस. अकरातली चार घरं बदल्यांवर गेली आणि पिशवीच बंद पडली. अंक रद्दीत गेले असणार. त्या गोष्टीचं नाव मला आठवत नाही, कुठल्या अंकात होती तेही नाही. काकूंना तेव्हाच विचारता आलं असतं. पण ‘झालं’ म्हणून बसले होते ना! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी गत.

आता तो दूर देशी असतो. यंदा दहा दिवसांसाठी आला, नेमका मार्चमध्ये. जायच्या आदल्या दुपारी म्हणाला, “चलो, गच्चीवर बसू.” गच्चीवर आता दुप्पट टाक्या आहेत आणि लांबून मेट्रोचा आवाज येतो. मी खुर्ची घेतली, कारण सतरंजीवरून उठणं आता जमत नाही. तो खालीच बसला, माझ्या डावीकडे. संत्रं सोलता सोलता म्हणाला, “आई, एक विचारू? त्या पेटीत काय निघालं?”

मला कळायला एक क्षण लागला. मग हातातली फोड हातातच राहिली.

“तुला ती गोष्ट आठवते?”

“म्हणजे काय! तो म्हातारा, ते चार स्क्रू. बिल्कुल आठवते.”

“पण तुझ्या कानांत तर...”

“एकाच कानात, यार.” त्याने डाव्या कानावर हात ठेवला. “उजवा स्पंज मागे सरकवलेला असायचा. तू त्या बाजूला बसायचीस ना. केस वाढलेले होते, तुला दिसलं नसेल.”

“मग मी विचारलं तेव्हा बोलला का नाहीस?”

“विचार करत होतो. तू थांबलीच नाहीस.”

हे त्याने रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मला उत्तर देता आलं असतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले होते की मुलगा ऐकेनासा झाला, म्हणून वाचन बंद पडलं. त्या दुपारी तो ऐकत होता. पेटी मीच बंद करून देऊन आले होते.

“मला माहीत नाही रे, त्यात काय होतं ते,” मी म्हटलं. “मीही वाचलं नाही.”

तो हसला. “म्हणजे दोघंही अडकलो.”

मी विचारलं, “आणि दुसऱ्या कानात काय असायचं?”

त्याने फोन काढला, थोडं शोधलं, आणि इयरफोनचं एक छोटं बोंड माझ्या डाव्या कानात बसवलं. गिटारी आपटायला लागल्या. तेच ते, टँकरवरचं भांडण. मी पूर्ण ऐकलं. मधे एका ठिकाणी गाणारा एकदम हळू होतो, हे त्या दिवशी बटण दाबलं गेल्यामुळे मला कळलंच नव्हतं. तिथे मुलाने माझ्या तोंडाकडे बघितलं, अगदी तेव्हासारखं.

“हे छान आहे,” मी म्हटलं. खरंच छान होतं.

गाणं संपलं. उन्हं टाकीवर चढत होती. खाली त्याची बॅग अर्धी भरून पडली होती.

“आता सांग बघू,” मी म्हटलं. “पेटीत काय असेल?”

तो टाकीकडे बघत गप्प झाला. बराच वेळ झाला. मी संत्र्याची फोड हातात धरून तशीच बसून राहिले.