तव्यावरची भाकर

राळेगावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो. 'जिंजरली' हा शब्द आला की पोरांना हमखास आलं आठवतं. बाबांनो, आल्याचा इथं काही संबंध नाही, असं दरवर्षी सांगावं लागतं. डिक्शनरी नुसतं 'सावधपणे' म्हणून हात झटकते. पण पेपर सावधपणे लिहितो त्याला 'केअरफुली' म्हणतात. 'जिंजरली' हे हाताचं नाहीतर पायाचं काम. पोळेल, टोचेल, मोडेल अशी भीती त्यात हवी. मग मी तव्यावरची भाकर हवेतच चिमटीत उचलून दाखवायचो आणि वर्ग खदखदून हसायचा.

हे नाटक एकदा घरीही केलं. बायकोनं उघड्या हातानं ज्वारीची भाकर उलटवली आणि म्हणाली, "भाकर उलटता येत नाही अन् चालले शिकवाले." ती तशीच होती. दार असो, भांडं असो की माझं मनगट, धरलं की पक्कं धरायची.

गेल्या वर्षी तिची कंबर दुखायला लागली. नागपूरला तपासण्या झाल्या तोवर आजार हाडांत पसरला होता. आता उपाय नाही, हाडं ठिसूळ झालीत, जपून हाताळा, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तेव्हापासून कूस बदलताना, अंग पुसताना, नुसती चादर ओढतानाही माझी बोटं आधी भितात, मग पोचतात. तिला याचा भयंकर राग.

"काहून असे भेत भेत हात लावून राह्यले? मी का तव्यावरची भाकर हाओ? धरा न नीट, पयल्यासारखं."

बरं व्हायचंय असं ती कधी म्हणाली नाही. मागणं एवढंच होतं, आणि तेवढंही माझ्याच्यानं होत नव्हतं. देवाचा संताप येतो, माझ्या हातांचा त्याहून जास्त.

परवा संध्याकाळी तिला उठवून बसवायचं होतं. म्हटलं, होईल ते होवो. तिचा हात पूर्वीसारखा घट्ट धरला. ती ओरडली नाही, पण डोळे गच्च मिटून घेतले. मी हात सोडून दिला. 

"हळूच धरत जा जी," डोळे न उघडताच ती म्हणाली. "तुमचंच बराबर होतं."

इतक्या वर्षांच्या संसारात तिनं माझं बरोबर म्हटलं ते हे पहिल्यांदाच. मला ते नको होतं.