खातूनबीनं इंजिन खोललं

चिंचवडला मुंबई-पुणे रस्त्यावर माझं सायकलचं दुकान होतं, आणि त्याला लागून बरकतभाईंचं मोटार गॅरेज. माझं दुकान म्हणजे चार पत्रे आणि पंप टांगायला एक खुंटी. गॅरेजला मात्र पडदा होता. दोन पोती उसवून शिवलेला, मागच्या खोलीच्या दाराला. लोक म्हणत, मुसलमानाचं घर, बाईमाणूस आत असणार, पडदा असायचाच. साफ खोटं. त्या पडद्यामागं बरकतभाईंची बायको खातूनबी मोटारीची बेरिंगं तासत बसायची. गिऱ्हाइकाला ते दिसू नये, एवढ्यासाठी तो पडदा होता.

एक्कावन्न साली इंजिन उचलताना बरकतभाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं साखळीच्या कप्पीत गेली. पाना धरता येई, पण बेरिंगचं काम सुटलं. त्या काळच्या गाड्यांत बेरिंगला आतून मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असे. ते नवं ओतायचं आणि मग पात्यानं कणाकणानं तासून क्रँकवर, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्यावर, बसवायचं. जरा जास्त तासलं की इंजिन ठोकायला लागलंच. हे काम खातूनबीनं उचललं. क्रँकला ती काजळ फासायची, बेरिंग त्यावर फिरवून बघायची आणि जिथं काळं लागेल तेवढंच तासायची. डोळ्यांत घालायचं काजळ हो, घरी पाडलेलं! असं पाच वर्षं चाललं. गिऱ्हाईक म्हणे, बरकतच्या हाताला तोड नाही. बरकतभाई खाली मान घालून ऐकत. मला सगळं ठाऊक होतं आणि मीही "व्हय व्हय" म्हणत होतो. आता आठवलं की माझा मलाच राग येतो.

छप्पन्न सालच्या थंडीत एके सकाळी दौलतराव आले. बडं प्रस्थ. चाकणला कांद्याची आडत आणि इथं रस्त्याकडेची जागा, ज्या जागेवर आमची दोन्ही दुकानं उभी. त्यांच्या चौतीस सालच्या अमेरिकन गाडीच्या चार सिलिंडरांची चारी बेरिंगं दिवाळीआधी इथंच बसवली होती. आज ती ठकठक करत आली. चालवायला त्यांचे धाकटे भाऊ उद्धवराव.

दौलतराव उतरले ते कुणाला न विचारता थेट आत गेले आणि त्यांनी पडदा बाजूला केला. खातूनबी मांडीवर बेरिंग घेऊन बसली होती, कोपरापर्यंत काळी.

"आरं तिच्या! बाईच्या हातात इंजिन?" दौलतराव ओरडले. "तरीच म्हनलं दोन म्हैन्यात ठोकाया कशी लागली. बरकत, माझ्या गाडीवर बायकूला शिकवत व्हतास व्हय रं?"

"मालक, माझंच चुकलं," बरकतभाई म्हणाले. काय चुकलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सोमवारपत्तूर जागा मोकळी पायजे."

झालं. पंधरा वर्षांचं गॅरेज एका वाक्यात उठलं. तेवढ्यात खातूनबी हात पुसत बाहेर आली. घरातलं लाटणं तिच्या हातात होतं. क्षणभर मला वाटलं, आता ही घालते दौलतरावांच्या टाळक्यात, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

"सोपानभाऊ, गाडी चालू करा," ती मला म्हणाली.

मी चालू केली. तिनं लाटण्याचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला. मग एकेका सिलिंडरची प्लगची वायर काढून बघू लागली. पहिली काढली, ठोका चालूच. दुसरी काढली, तरी चालूच. तिसरी काढली आणि ठोका थांबला.

"बंद करा. तिसऱ्यात हाय," ती म्हणाली. "मालक, मी आत्ता, हितंच, सगळ्यांसमोर इंजिन खोलते. पहिलं, दुसरं, चौथं बेरिंग मी बसवलं तसंच निघंल. न्हाई निघालं तर सोमवार कशाला, आज दिवस मावळायच्या आत जागा सोडते."

"खोलायची काय गरज?" उद्धवराव घाईनं म्हणाले. "जाड तेल घालू, आवाज बसंल."

"गप रं तू," दौलतराव म्हणाले. "खोलू दे तिला. बघू तर, काय दिवं लावल्यात."

दारातल्या चिंचेच्या फांदीला कप्पी लावून आम्ही इंजिन वर काढलं. साखळी मी आणि बरकतभाईंनी ओढली. हीच ती कप्पी. बरकतभाईंच्या कपाळावर थंडीतही घाम होता. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली, पिंपरीच्या कारखान्याची रात्रपाळी सुटली होती तीही सायकली टेकवून उभी राहिली. खाली सगळा फुफाटा. भाग ठेवायचे कशावर? खातूनबीनं इकडंतिकडं पाहिलं आणि दाराचा पडदा खसकन ओढून काढला. जमिनीवर पसरला.

"अगं, अगं," बरकतभाई म्हणाले.

तिनं ऐकलं नाही. हेड काढलं, इंजिन उलटं करून तेलाचं चेंबर काढलं. चेंबरच्या बुडाला बाहेरून चांगला पोचा होता आणि त्यावर झाळलेलं ताजं ठिगळ. तिनं ते दौलतरावांकडं वळवून ठेवलं. मग पहिलं बेरिंग सोडवलं. तिनं ठोकलेली एका टिंबाची खूण जागच्या जागी, आतलं अस्तर आरशासारखं. दुसरं, दोन टिंबं, तसंच. तिसरं सोडून तिनं चौथं काढलं. तेही लख्ख. गर्दीतून कुणीतरी "वा" म्हणालं. दौलतरावांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला.

तिसऱ्याच्या नटाला पिनेच्या जागी गंजकी तार गुंडाळलेली होती.

"ही तार माझी न्हाई," खातूनबी म्हणाली. नट सुटले, बेरिंगचं खालचं अर्धुक तिच्या हातात आलं, आणि आत अस्तरच नव्हतं. होता तो जळून काळाठिक्कर पडलेला चामड्याचा तुकडा. तिनं तो रॉकेलमध्ये बुडवून पुसला आणि दौलतरावांच्या हातात दिला. दोन पदरी शिवण, काठाला लाल दोऱ्याचा टाका, आणि पितळी टिकली निखळलेलं भोक.

तो पट्टा अख्ख्या पंचक्रोशीनं बेंदराच्या मिरवणुकीत पाहिला होता. दौलतरावांच्या बैलाचा घुंगरांचा पट्टा! महिन्यापूर्वी तो वीतभर तोकडा सापडला म्हणून दौलतरावांनी मालोजी गड्याला चारचौघांत चोर म्हटलं होतं.

दौलतरावांनी मान वळवली. उद्धवराव आधीच खाली बघत होते.

"तळवड्याच्या ओढ्यात दगूड लागला, दादा," ते पुटपुटले. "तेल सांडून ग्येलं, मला कळलंच न्हाई. ठोका लागला तवा बघितलं, तिसऱ्याचं अस्तर वितळलं व्हतं. पट्टा चांभाराकडं न्यायला गाडीतच व्हता. तिथल्या लोहारानं चेंबर झाळलं, आन् आत कातडं घातलं. म्हनला, घरापत्तूर जाशीला."

घरापर्यंत म्हणाला होता. हे महिनाभर हिंडले!

सगळे दौलतरावांकडं बघत होते. त्यांनी तुकडा खिशात घातला, घसा खाकरला. "बरं, झालं त्ये झालं. जागा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. पर बरकत, इंजिन तू जोड. बाईंनी आपलं पडद्याआड जावं."

बरकतभाईंनी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते मला कळलं नाही.

"पडदा तुमच्या इंजिनाखाली हाय, मालक," खातूनबी म्हणाली. "आन् जोडीन तर मी जोडीन, ह्या उजेडात. न्हाईतर कांद्याच्या पोत्यात भरा आन् पुन्याला न्या."

मग बरकतभाई बोलले, आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा देऊन. "ती म्हणते तसंच होईल, मालक. गेली पाच वर्षं तिनंच केलंय सगळं. माझा हात हा बघा." आणि त्यांनी तीन बोटांचा तो हात सगळ्यांसमोर वर धरला. मलाही राहवलं नाही. "मला ठाऊक व्हतं!" मी ओरडलो. कुणी विचारलं नव्हतं, तरी ओरडलो.

दौलतराव तसेच चालत निघून गेले. सोमवार आला आणि गेला, जागा खाली करायला कुणी आलं नाही. मंगळवारी ते एकटेच आले, माझ्या स्टुलावर बसले. खातूनबी तिसरं बेरिंग तासत होती, उघड्यावर, चिंचेखाली. मग म्हणाले, "मालोजीला सांगितलं म्या. चुकलं म्हनलो."

"मालक, क्रँक जरा फिरवा," खातूनबी मान वर न करता म्हणाली. "हळू. धक्का नको."

चाकणच्या आडतदारानं धोतर खोचलं, काजळात हात घातला आणि क्रँक फिरवला.

पडदा पुन्हा टांगायचा प्रश्नच नव्हता, तेलानं पार चिंब झालेला. खातूनबीनं त्याचे तुकडे केले आणि वर्षभर हात पुसायला वापरले.