यमुताईंची काळी पिशवी

यमुताई म्हणजे आयुष्यभर मुलींना शिवण शिकवलेली बाई. टीप वाकडी दिसली की उसवायला लावायच्या. निवृत्त झाल्यावर तोच खाक्या त्यांनी सक्करदऱ्यातल्या आपल्या गल्लीला लावला. कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर लोक कचरा फेकत. तो साफ करून घेतला, तिथे रांगोळ्या काढल्या. तरीही कोणी पिशवी टाकलीच, तर शिक्षा त्यांनीच ठरवली. पिशवी काठीने फोडायची, घर ओळखायचं, ती त्या घराच्या दारात नेऊन ठेवायची आणि सगळ्या बायकांनी ओरडायचं, "कचरा घेऊन जा गे मारबत!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर मारबतीचा पुतळा मिरवत इडापिडा हाकलतं ना, तसंच. प्लॉट चकाचक झाला. यमुताईंना फार बरं वाटलं. इतकं बरं माणसाला वाटू नये.

मग त्यांच्या नवऱ्याला, गोपाळरावांना, अर्धांगवायू झाला. कोर्टात नाझर होते, कडक इस्त्रीशिवाय कधी दाराबाहेर पडले नाहीत. ते डायपरवर आले. "यमू, हे कोणाले कळता कामा नये," एवढंच अडखळत म्हणाले.

आता घंटागाडीवरची कांताबाई दारोदार खणखणीत आवाजात सांगायची, "डायपर अलग द्या वं बाई, कागदात गुंडाळून!" अलग दिले की गल्लीला कळणार. म्हणून यमुताई पहाटे फिरायला निघाल्या की पदराखाली काळी पिशवी असे. ती त्या पलीकडच्या नाल्याकाठी टाकून येत. होय, त्याच यमुताई.

एके दिवशी वाटेत कुत्री मागे लागली. घाबरून त्यांनी पिशवी आपल्याच प्लॉटवर टाकली आणि घर गाठलं.

सकाळी शेजारच्या दामिनीने पिशवीत काठी खुपसली. "शी! डायपर!" सगळ्यांनी नाकाला पदर लावले. उलगडून बघतंय कोण? गल्लीत डायपर घालणारं पोर एकच, भाडेकरू मोनालीचं. वरात तिच्या दारात गेली.

"मी तं सारे कांताबाईले देते, बाई! काहून माझ्या मागे लागून राहिल्या?" मोनाली म्हणाली. कडेवरचं पोर रडायला लागलं.

घरमालक सुमंत जिन्यातूनच म्हणाला, "अशी घाण माझ्या घरात नाही चालणार. दुसरी खोली पाहा."

बायकांनी यमुताईंकडे पाहिलं. आरोळी नेहमी त्याच सुरू करायच्या. त्यांचं तोंड उघडलं, ते खरं सांगायलाच, असं त्या पुढे स्वतःला समजावत राहिल्या. निघाली मात्र आरोळी.

घरी आल्या तर गोपाळराव खिडकीकडे तोंड करून पडलेले.

"कोणाच्या दारात ठेवली?"

"मोनालीच्या."

"आपली होती ना?"

यमुताईंनी चादर नीट केली. नीटच होती ती.

"तुझा आवाज सगळ्यात मोठा होता," गोपाळराव म्हणाले. "लाज मले वाटते. त्या पोरीले काहून?"

यमुताई तशाच बाहेर पडल्या. बायका अजून गप्पा मारत उभ्या होत्या. मोनालीच्या पायरीवरची पिशवी त्यांनी उचलली. "ही माझी आहे. यांचे आहेत डायपर. नाल्याकाठी मीच टाकत होते."

दामिनीला हसू आलं, तसंच विरलं. सुमंत जिना चढून गेला.

यमुताईंनी पिशवी स्वतःच्या दारात ठेवली. "ओरडा ना," त्या म्हणाल्या. कोणी ओरडेना. मग बायका एकेक करून कुकर बघायला गेल्या.

मोनालीची खोली राहिली. दुसऱ्या दिवशी घंटागाडी आली, तेव्हा दोघी एकाच वेळी बाहेर आल्या, दोघींच्या हातात कागदात गुंडाळलेली पुडकी. यमुताईंचं पुडकं मोठं होतं. ते सगळ्या गल्लीला दिसलं.

"मोनाली, अगं..." यमुताई म्हणाल्या.

मोनालीने पुडकं कांताबाईच्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं.