दुसऱ्याच्या हातची चिमूट

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गुरुशांतबद्दल कुणालाही विचारा, वाईट शब्द ऐकू येणार नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, काम सोडून बाहेर हिंडणं नाही. टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवायच्या उकळत्या टाक्यांपाशी त्याची जवानी गेली. नाद म्हणाल तर एक तंबाखूचा, आणि तंबाखूला आमच्याकडे कुणी नाद म्हणत नाही. ती भाकरीसारखीच दिवसाची गरज समजतात.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. त्याची बायको काव्या जुळे सोलापुरातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागली, तेव्हा बाईंनी सांगितलं, की मूल राहायच्या आधीपासूनच अंगाची तयारी करावी लागते. वजन थोडं उतरव, साखर कमी कर, रोज चाल, रक्त वाढेल असं खा आणि फॉलिक ॲसिडची गोळी आत्तापासूनच सुरू कर. काव्यानं शब्द खाली पडू दिला नाही. सकाळी उठून चालायला जायची. ताटात पालेभाजी आणि मोड आलेली मटकी आली. चहा तिचा जीव की प्राण, पण त्यातली साखर तिनं बंद केली ती केलीच. सासू निंगव्वा म्हणाली, "सोमवार निर्जळ धर की." एरवी सासूपुढं मान वर न करणारी काव्या म्हणाली, "अव्वा, उपाशी राहू नको म्हणल्यात बाई."

बाई दर खेपेला विचारायच्या, "मिस्टर कधी येणार?" गुरुशांत दर खेपेला टाळायचा. "माझं काय बघायचं? मी धडधाकट हाय की." आपल्याकडे मूल होत नसलं की बाईला तपासतात आणि पुरुषाला पाणी विचारतात. तशी दोन वर्षं गेली. काव्या पस्तिशीच्या पुढं सरकली, आणि एक दिवस चिडून नव्हे तर रडून म्हणाली, "एकदा चला ओ. माझ्यासाठी चला." तेव्हा तो गेला.

तपासणीत त्याचंच बीज कमी निघालं. बाईंनी त्याला लाजवलं नाही. तंबाखू पूर्ण बंद करा, टाक्यांच्या धगीपासून लांब राहा, म्हणाल्या. नवं बीज तयार व्हायला तीनेक महिने लागतात, तोवर धीर धरा. फरक पडेलच अशी हमी कुणी देणार नाही, पण आपल्या हातातलं तरी करू. काव्याचं वय थांबायचं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आणि गुरुशांतनं केलं, खरंच केलं. मालकाला गळ घालून तो टाक्यांवरून टॉवेलच्या घड्या घालायच्या कामावर आला. तिथं सगळ्या बायका. जुने सोबती हसले, "गुरूअण्णा, आता लुगडं कधी नेसतो?" त्यानं तेही गिळलं. तंबाखूची डबी काव्याच्या हातात दिली. तिनं ती घासून त्यात हळद भरली. तोही तिच्यासोबत बिनसाखरेचा चहा पिऊ लागला, आणि कैक वर्षांनी त्या घरात हसणं ऐकू आलं.

पण हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

त्या कारखान्यात जुनी रीत आहे. रात्रीचा माणूस सुटताना तंबाखू मळतो आणि सकाळी येणाऱ्याच्या तळहातावर चिमूट ठेवतो. ती नाकारली तर मन दुखावतं. टाक्यांवर असताना बसवेश आणि गुरुशांत हे वर्षानुवर्षं करत आलेले. काम बदललं तरी बसवेश फाटकाशी थांबायचा, आणि गुरुशांतचा हात आपोआप पुढं व्हायचा. ही चिमूट त्यानं कधी हिशेबात धरलीच नाही. विकत घेत नाही, मळत नाही, डबी बाळगत नाही, मग खातो कुठं? तो देवाची शपथ घेऊन म्हणाला असता, की मी तंबाखू सोडली, आणि त्याला ते खोटंही वाटलं नसतं. कपाळकरंटेपणा दुसरा काय असतो?

तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. काही फरक नव्हता. काव्यानं ठरवलं, नवरा तर सगळं पाळतोय, म्हणजे कमी पडते ती आपणच. ती आणखी लांब चालू लागली, आणखी नेमानं खाऊ लागली. असं वर्ष गेलं. महिन्याच्या महिन्याला ती न्हाणीघरात रडून यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायात चपला सरकवायची.

एका सकाळी तो डबा विसरून गेला. काव्या रिक्षा करून मागोमाग फाटकाशी पोचली. बसवेशनं चिमूट दिली, गुरुशांतनं ओठात धरली. मग त्यानं वर पाहिलं.

तिनं डबा त्याच्या हातात दिला. "रोज?" एवढंच विचारलं.

"अगं, माझी न्हवं ती. बसवेशची हाय."

ती रिक्षात बसून परत गेली. संध्याकाळी भाकऱ्या थापताना मान वर न करता म्हणाली, "मी सणाला पुरणपोळीचा घास घेतला न्हाय. माझंच अंग वांझ म्हणून त्याला शिव्या दिल्या. तुमास्नी एका माणसाला न्हाय म्हणता आलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी बसवेशनं हात पुढं केला, तेव्हा गुरुशांतनं आपले दोन्ही हात पाठीमागं नेले. बसवेश कितीतरी दिवस बोलला नाही. गुरुशांतनं ते सोसलं, आणि इतकं सोपं होतं हे कळून त्याला जास्तच वाईट वाटलं. तीन महिने सरल्यावर या खेपेला तो एकटाच जाऊन तपासून आला. बीज सुधारलं होतं. बाई म्हणाल्या, "छान. आता वेळ घालवू नका, दोघं या."

तो जवळजवळ धावतच घरी आला. काव्या चुलीशी चहा करत होती. त्यानं सांगितलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "तब्येत जपा."

"उद्या जाऊ की दोघं. गोळ्या आणल्यात तुझ्या."

"माझ्याच्यानं न्हाय व्हायचं आता," ती म्हणाली. रागानं नाही, दमून. "लई चालले ओ मी."

तिनं दोन कप मांडले. त्याच्या कपात बिनसाखरेचा चहा गाळला. मग फळीवरचा साखरेचा डबा काढला आणि आपल्या कपात दोन चमचे घालून ती हळूहळू ढवळत राहिली.