मनालीचा सहावा सेल

भिवंडीत धामणकर नाक्यावर साड्यांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आमचं कॉल सेंटर आहे. खाली बोर्डसुद्धा नाही. वर चाळीस मुली एकाच वेळी बोलत असतात. त्या दिवसभर लोकांना फोन करून अपघाती मृत्यूचा विमा विकतात, आणि मी, यामिनी, मागे काचेआडच्या टेबलावर हेडफोन लावून त्यांच्या चुका काढते. या कामाला क्वालिटी म्हणतात. माझे वडील शाळेत हेडक्लार्क होते, त्यामुळे चुका काढायची आमच्या घरात जुनी सवय.

लोक विचारतात, असल्या नोकरीला जातं तरी कोण? आम्ही जशा काही आभाळातून पडलोय! कुणाची बारावी राहिलेली असते. कुणाला सासऱ्यांनी बजावलेलं असतं की सातच्या आत घरात, आणि भिवंडीच्या बाहेर नाही. कुणाला इंग्रजी येत नाही म्हणून दुसरीकडे दारातही उभं करत नाहीत. इथे मराठी-हिंदी बोलता आलं आणि शिव्या गिळता आल्या की झालं. दिवसाला दोनशे फोन. त्यातले दीडशे लोक ‘नमस्कार’ ऐकूनच ठेवून देतात. काही जण आईवरून बोलतात. एक मुलगी शिव्या खाऊन जिन्यात रडून येते आणि सात मिनिटांचा ब्रेक संपला म्हणून तोंड पुसून पुन्हा ‘नमस्कार’ म्हणते. मी तो नमस्कार ऐकते आणि आवाजात उत्साह कमी म्हणून एक गुण कापते. मलाही पगार त्याचाच मिळतो.

मनाली आली ती खुर्चीसाठी. शेलार गावातली पोर, सव्वीस वर्षांची. आधी राहनाळच्या गोदामात पॅकिंगला होती. नऊ तास उभं राहायचं, खोके उचलायचे. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात तिथेच तिचं मूल गेलं. यंदा पुन्हा दिवस गेले होते, चौथा महिना लागला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, उभ्याचं काम बंद. नवऱ्याचा कापडाचा लूम आज चालू, उद्या बंद, त्यामुळे घरी बसणं शक्य नव्हतं. ऑफिसात हे फक्त मला ठाऊक होतं. कळलं असतं तर तिला दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं.

तिच्या ट्रायलचा शेवटचा दिवस होता तो. महिन्यात सहा सेल, म्हणजे सहा विमे विकलेले हवेत, नाहीतर नोकरी नाही. तिचे पाच झाले होते. सहा वाजता सिस्टम बंद. टीम लीडर वरद सकाळपासून तिच्या मागे येऊन उभा राहत होता, आणि माणूस मागे उभा राहिला की तिचा आवाज चिरकायचा. ‘‘राहनाळला परत नाय जायचं मला, ताई,’’ जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली. डबा तसाच बंद केला तिने.

साडेपाचला तिच्या स्क्रीनवर हिरवा दिवा लागला. म्हणजे गिऱ्हाईक तयार झालं. मी लगेच तो कॉल माझ्या हेडफोनवर घेतला.

पलीकडे गुणाबाई होत्या, खाडीकाठच्या गावातल्या, वय अठ्ठावन्न. हप्ता खात्यातून कापायला त्यांनी ‘हो’ म्हटलं होतं. आता राहिले होते रेकॉर्डिंगवरचे प्रश्न. उत्तरं गिऱ्हाइकाने स्वतःच्या तोंडाने द्यायची, मुलीने एक शब्दही पुरवायचा नाही. पुरवला की सेल बाद. बाद मीच करायचा.

‘‘मावशी, लग्न झालंय ना तुमचं?’’

‘मॅडम’ म्हणायचं असतं. मावशी म्हटलं की अर्धा गुण कापायचा. मी नोंद करायला पेन उचललं आणि खाली ठेवलं.

‘‘झालंय की. कवाच झालंय.’’

‘‘मग वारस म्हणून मालकांचं पूर्ण नाव सांगा.’’

‘‘नाव न्हाय घेत मी, बाय.’’

घड्याळात पावणेसहा. शहरातली मुलगी असती तर वैतागली असती. मनाली वैतागली नाही. ती स्वतः नवऱ्याचं नाव घेत नाही. नोकरीच्या मुलाखतीत विचारल्यावरही तिने ते लिहून दिलं, बोलून नाही.

‘‘उखाण्यात तरी घ्या, मावशी. लग्नात घेतलं असंल ना?’’

‘‘तवा येकदा घेतलेला. मंग कंदी न्हाय.’’

‘‘माझ्यासाठी घ्या आज. मोठं काम हाय.’’

पलीकडे खाट करकरली. मग घसा साफ करून गुणाबाई हळूच म्हणाल्या,

‘‘खाडीच्या पाण्याला चढतो मिठाचा रंग,
सावळारामांचं नाव घेते फोनवरच्या पोरीसंग.’’

आणि लाजून हसल्या. मनालीही हसली. आडनाव सांगून झालं. मी एकेका रकान्यात बरोबरची खूण करत गेले. आता फक्त एक रकाना उरला होता.

‘‘मालकांचं वय सांगा, मावशी.’’

‘‘वय? चैतात दोन वर्सं झाली त्यांना जाऊन.’’

आमच्या कागदावर ‘विवाहित की अविवाहित’ एवढाच प्रश्न आहे. नवरा हयात आहे का, हे विचारायचं तो कागद लिहिणाऱ्याला सुचलंच नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, दुसरं कुणाचं नाव घे, लवकर घे.

‘‘घरात आणखी कोण हाय, मावशी? मुलगा, पुतण्या?’’

‘‘कोन न्हाय. मी न् कोंबड्या.’’

मग रेकॉर्डिंगवर चौदा सेकंद काहीच नाही. त्या चौदा सेकंदांत मला काय वाटलं ते सांगते, लपवत नाही. मला वाटलं, मनालीने वय साठ म्हणावं, गुणाबाईंनी हो म्हणावं, आणि मी पास करावं. आयुष्यभर चुका काढणारी मी, एका चुकीची देवाकडे भीक मागत होते.

‘‘मावशी, हा विमा तुमच्या कामाचा न्हाय,’’ मनाली म्हणाली. ‘‘पैसे घ्यायलाच कोण न्हाय तर हप्ता कशाला भरता? मी बंद करते.’’

वरद तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. या वेळी तिचा आवाज चिरकला नाही.

‘‘मंग मला नाव कशाला घ्यायला लावलंस?’’ गुणाबाईंचा आवाज बदलला होता. ‘‘ते असताना कंदी घेतलं न्हाय मी.’’

‘‘माझ्या नोकरीसाठी, मावशी. चुकलं माझं.’’

पलीकडे गुणाबाईंनी एका कोंबडीला हुसकावलं.

‘‘मंग ऱ्हायली का गं नोकरी?’’

मनालीने मान वळवून काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

‘‘न्हाय, मावशी,’’ ती म्हणाली आणि हेडफोन काढून ठेवला.

मी कॉल नापास केला. जाताना तिने खुर्ची नीट टेबलाखाली सारली.