शीबाचा दात

लेकीच्या नव्या हॉकी स्टिकच्या ग्रिपला रबराचा वास येत होता. त्या वासासरशी मला शारजातली आमची इंग्लिश शाळा आठवली. नव्वदीच्या दशकात मी तिथे नववीत होते.

शीबा माझ्या शेजारी बसायची. एका दुपारी हॉकीच्या टीममध्ये माझ्याऐवजी तिला घेतलं. "खलास, तू पुढच्या वर्षी खेळ," ती हसत म्हणाली, आणि मी हातातली स्टिक तिच्या तोंडावर हाणली. ती गुडघ्यांवर कोसळली, तरी मी तिच्या खांद्यावर आणखी एक तडाखा दिला. तापलेल्या वाळूत रक्त सांडलं, त्यात तिचा अर्धा दात पडला होता.

खेळाच्या मिस लांबून धावत आल्या. "व्हॉट हॅपन्ड?"

"आय फेल डाउन, मिस," शीबा रक्ताळलेल्या तोंडाने म्हणाली.

माझं नाव शाळेतून काढलं गेलं नाही. मैत्रीण असावी तर अशी, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. लेकीलाही तेच सांगितलं.

तिने विचारलं, "बट आई, वॉज शी स्केअर्ड ऑफ यू?"

तेव्हा कुठे मला आठवलं, की उत्तर देताना शीबा मिसकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.